जॉइंट खातं: सही कोणाची, पैसा कोणाचा

जॉइंट खातं उघडायला बँकेत गेलं की काउंटरमागचा माणूस चार-सहा पानी फॉर्म पुढे सरकवतो. सह्यांच्या जागी त्याने आधीच पेन्सिलीने फुल्या मारून ठेवलेल्या असतात. ‘‘फुली दिसेल तिथे दोघांनी सह्या करा,’’ एवढंच तो सांगतो. मग दोघं सह्या करतात, फोटो चिकटवतात, आधार आणि पॅनच्या झेरॉक्सवर आडव्या सह्या ठोकतात आणि फॉर्म परत देतात. त्या फॉर्मवर ‘मोड ऑफ ऑपरेशन’, मराठी फॉर्म असेल तर ‘खाते चालवण्याची पद्धत’, असा एक छोटा रकाना असतो. तो पुष्कळदा कोराच परत जातो. नंतर काउंटरवरचा माणूस तिथे ‘ई ऑर एस’वर टिक करून टाकतो, कारण बहुतेक जण तेच घेतात.

त्याला दोष देता येणार नाही, कारण तुम्ही काही सांगितलेलंच नसतं. घरात चर्चा होते ती नावांची. मुलाचं घालायचं की मुलीचं, सुनेचं घातलं तर काय, बायकोचं पहिलं की दुसरं. पण खात्यावर नाव आल्याने माणसाला नेमका कोणता अधिकार मिळतो, हे तो रकाना ठरवतो. त्याच्या जोडीला आणखी तीन गोष्टी आहेत: नावांचा क्रम, खात्याला जोडलेला मोबाइल नंबर आणि नॉमिनी. या चारही गोष्टी घरी बसून, चहा घेत ठरवाव्यात. काउंटरसमोर मागे रांग उभी असताना ठरवण्याच्या त्या नव्हेत.

त्या रकान्यात काय भरायचं

‘ई ऑर एस’ म्हणजे आयदर ऑर सर्व्हायव्हर. दोघांपैकी कोणीही एकट्याने पैसे काढू शकतो, आणि एक गेला तर दुसरा खातं चालवतो. रोजच्या वापराला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही. एटीएम, नेट बँकिंग, यूपीआय असं सगळं दोघांना मिळतं. मात्र ‘कोणीही’ याचा अर्थ नीट समजून घ्या. खात्यात आठ लाख असतील तर दोघांपैकी कोणीही एक जण एका दिवसात आठच्या आठ लाख काढू शकतो, आणि बँक दुसऱ्याला विचारायला बांधलेली नाही. पैसे कोणी भरले, कोणाच्या पगारातून आले, याची बँक चौकशी करत नाही. नवरा-बायकोत ही जोखीम आपण संसार म्हणून पत्करतोच. पण म्हातारी आई आणि तिच्या तीन मुलांपैकी जवळ राहणारा एक, अशा खात्यावर हीच टिक करताना दोनदा विचार करावा.

त्यांच्यासाठी वेगळी सोय आहे, ती म्हणजे ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’. पहिलं नाव ज्याचं, तो हयात असेपर्यंत खातं तोच चालवतो. दुसऱ्याला अधिकार मिळतो तो पहिल्याच्या पश्चात. ज्येष्ठांनी मुलाचं किंवा मुलीचं नाव घालायचं असेल तर माझ्या मते मोठी रक्कम असलेल्या खात्याला ही पद्धत लावावी. यावर बँकेत एक हरकत हमखास घेतली जाते: ‘‘उद्या काका अंथरुणाला खिळले तर पैसे कोण काढणार?’’ प्रश्न रास्त आहे, पण त्याला उत्तरही आहे. आजारी किंवा सही न करू शकणाऱ्या ग्राहकाचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेऊन पैसे देण्याची तरतूद रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच आहे. त्या दोघांपैकी एक साक्षीदार बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. सत्तरीच्या पुढच्या ग्राहकांना घरपोच सेवा द्यावी, असंही २०१७ मध्ये बँकांना सांगण्यात आलं आहे. याहून सोपा मार्ग म्हणजे दोन खाती. औषधपाणी, वाणसामान आणि कामवाल्या बाईंचा पगार निघेल एवढी रक्कम ‘ई ऑर एस’मध्ये ठेवावी आणि आयुष्यभराची पुंजी ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’मध्ये.

तिसरी पद्धत ‘जॉइंटली’. प्रत्येक व्यवहाराला सगळ्यांच्या सह्या. गावचं घर विकून आलेली रक्कम चार भावंडांत वाटायची आहे, पण वाटणी अजून ठरलेली नाही, अशा वेळी हीच पद्धत चांगली. एटीएम कार्ड आणि यूपीआय इथे सहसा मिळत नाही. भावंडांच्या दृष्टीने तेच बरं. एक मात्र बघा. नुसतं ‘जॉइंटली’ असेल आणि एक जण वारला, तर उरलेल्यांना एकट्याने काही करता येत नाही; गेलेल्याच्या सर्व वारसांना बरोबर घ्यावं लागतं. म्हणून ‘जॉइंटली ऑर सर्व्हायव्हर’ असं लिहून घ्यावं. तिघं किंवा अधिक असतील आणि कोणीही चालवावं अशी इच्छा असेल, तर ‘एनीवन ऑर सर्व्हायव्हर’.

जुन्या खात्यावर काय नोंदलं आहे ते पासबुकाच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं. नसेल तर शाखेत विचारा. पद्धत बदलायची तर सर्व खातेदारांच्या सह्यांचा अर्ज लागतो. नाव वाढवायला किंवा कमी करायलाही तेच. थांबवायला मात्र एक जण पुरतो. घरात बिनसलं, एकाला वाटलं की दुसरा खातं रिकामं करेल, तर त्याने बँकेला लेखी कळवावं की यापुढे एकट्याच्या सहीने पैसे देऊ नयेत. मग बँक दोघांच्या सहीशिवाय व्यवहार होऊ देत नाही. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्यायला विसरू नका. तोंडी सांगितलेलं बँकेत कोणालाही आठवत नाही. आणि हा अर्ज आधीच गेलेले पैसे परत आणत नाही.

पैसे हातात आले म्हणजे आपले झाले?

भांडणं होतात ती इथे. एक अगदी नेहमीचं उदाहरण घ्या. वडिलांच्या खात्यावर दुसरं नाव धाकट्या मुलाचं, कारण बँकेची कामं तोच करायचा. वडील गेले. बँकेने मृत्यूचा दाखला घेतला, वडिलांचं नाव कमी केलं आणि बारा लाख मुलाच्या ताब्यात आले. सांगलीला दिलेली बहीण वर्षश्राद्धाला आली तेव्हा तिने विचारलं. ‘‘बाबांनी माझं नाव घातलं होतं, बँकेने मला दिले,’’ असं मुलाने सांगितलं, आणि तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच तसं वाटत होतं.

बँक ‘सर्व्हायव्हर’ला पैसे देते तेव्हा बँकेची जबाबदारी संपते. पण तो माणूस ते पैसे वारसांचा विश्वस्त म्हणून घेतो, हे रिझर्व्ह बँकेच्या २००५ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे. पैसे वडिलांच्या कमाईचे असतील आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे त्यांच्यावर पत्नी, मुलगे आणि मुली यांचा सारखा हक्क. आणि गेलेल्या माणसाची आई हयात असेल तर तिचाही. हे शेवटचं अनेक घरांत कोणाच्या गावीही नसतं. चाळिशीतला माणूस जातो, बँकेतली रक्कम सुनेच्या नावावर होते आणि सासूबाईंचा कायदेशीर हिस्सा कोणाला आठवतही नाही.

नॉमिनीचंही तसंच. नॉमिनी हा पैसे स्वीकारणारा, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने बँक खात्यांच्या बाबतीत हे २०१० मध्येच सांगितलं आहे. तेव्हा एखाद्याला खरोखरच पैसे द्यायचे असतील, समजा ज्या मुलीने दहा वर्षं तुमचं केलं तिलाच, तर जॉइंट नाव आणि नॉमिनी हे अपुरे उपाय आहेत. मृत्युपत्र करा. साध्या कागदावर चालतं, स्टँप ड्यूटी लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. दोन साक्षीदार लागतात, आणि ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. त्यात बँकेचं, शाखेचं नाव आणि खात्याचा प्रकार लिहा.

गोव्यातल्या वाचकांचं गणित आणखी वेगळं. तिथल्या नागरी कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक धरली जाते. खातं कोणाच्या का नावावर असेना, निम्मा पैसा जोडीदाराचा. प्राप्तिकरातही अशा जोडप्यांचं पगाराखेरीजचं उत्पन्न, म्हणजे ठेवींचं व्याजसुद्धा, दोघांत निम्मं विभागलं जातं.

जॉइंट खात्याला नॉमिनीची गरज नाही, हा गैरसमज मात्र महाराष्ट्रात आणि गोव्यात सारखाच आहे. नॉमिनीचा अधिकार शेवटचा खातेदार गेल्यावर सुरू होतो हे खरं, पण नवरा-बायको बहुधा एकाच गाडीतून प्रवास करतात. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीच्या खात्यावर चार जणांपर्यंत नॉमिनी नेमता येतात. एकाच वेळी, टक्केवारी ठरवून. किंवा एकामागून एक, म्हणजे पहिला नसेल तर दुसरा. लॉकरसाठी फक्त एकामागून एक अशीच सोय आहे. जॉइंट खात्याच्या नॉमिनी फॉर्मवर सर्व खातेदारांच्या सह्या लागतात, आणि फॉर्म दिल्यावर पोच मिळाली पाहिजे.

एफडीच्या पावतीवर काय बघाल

बचत खात्याचे नियम जसेच्या तसे मुदत ठेवीला लागू होतात असं समजू नका. घरातली एखादी पावती काढून समोर धरा. वर दोन नावं, खाली रक्कम, दर, मुदतपूर्तीची तारीख आणि एका कोपऱ्यात तेच ‘ई ऑर एस’. मुदत संपल्यावर कोणीही एक जण पैसे घेऊ शकतो. पण मुदतीआधी ठेव मोडायची असेल तर दोघांच्या सह्या लागू शकतात. आणि दोघांपैकी एक वारला असेल, तर उरलेल्याला मुदतीआधी पैसे द्यायला बँक गेलेल्याच्या वारसांची संमती मागते.

म्हणजे पाहा: नवरा अतिदक्षता विभागात होता, बिल भरण्यासाठी नातेवाइकांकडून उसने घेतले, माणूस गेला. बायकोच्या हातात तिचंही नाव असलेली पाच वर्षांची पावती आहे, ‘ई ऑर एस’ आहे, तरी ती मोडायला अमेरिकेतल्या मुलाची संमती आणा, असं तिला सांगितलं जातं. हे टाळण्यासाठी एकच गोष्ट करावी लागते. ठेव ठेवताना, किंवा दोघं हयात असताना केव्हाही, एक संयुक्त सूचना लिहून द्यावी की आमच्यापैकी एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्याला मुदतीआधी रक्कम काढू द्यावी. अनेक बँकांच्या आजच्या फॉर्ममध्ये यासाठी चौकट असते. बारीक अक्षरात असते, पण असते. ती भरा. जुन्या पावत्यांसाठी वेगळा अर्ज द्या. खातेदाराच्या मृत्यूमुळे मुदतीआधी ठेव मोडली तर दंड लावायचा नाही, असाही नियम आहे. त्याची आठवण तुम्हालाच करून द्यावी लागते.

पोस्टाबद्दल थोडक्यात. मासिक उत्पन्न योजनेत एकट्याला ९ लाख, तर जॉइंट खात्यात १५ लाखांपर्यंत ठेवता येतात. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत जॉइंट खातं फक्त पती किंवा पत्नीबरोबर उघडता येतं आणि सगळी रक्कम पहिल्याचीच धरली जाते. पीपीएफ जॉइंट होत नाही, त्यामुळे त्याला नॉमिनी आहे ना, ते आजच बघा.

नावं उलटी लिहिल्याने काय होतं

महाराष्ट्रात बँक बुडण्याची भीती पुस्तकी नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यामागे फक्त १ हजार रुपये काढता येत होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेबाहेर पुन्हा तशाच रांगा लागल्या.

ठेवींवरचा विमा ४ फेब्रुवारी २०२० पासून ५ लाख रुपये आहे. त्याआधी १९९३ पासून तो १ लाखच होता. हे ५ लाख प्रत्येक पावतीमागे नाहीत, प्रत्येक शाखेमागेही नाहीत. एका बँकेच्या सगळ्या शाखांतली, एकाच नात्याने ठेवलेली तुमची रक्कम, मुद्दल आणि व्याज मिळून, ५ लाख. ‘एकाच नात्याने’ या शब्दांत जॉइंट खात्याची गंमत आहे. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरची ठेव हे एक नातं. बायकोच्या एकटीच्या नावावरची दुसरं. नवरा पहिला, बायको दुसरी असं खातं तिसरं. आणि बायको पहिली, नवरा दुसरा असं खातं चौथं! नावांचा क्रम बदलला की ठेव विमा महामंडळ ते वेगळं धरतं. त्यामुळे एकाच बँकेत एक जोडपं २० लाखांपर्यंत विमा मिळवू शकतं. उलट ‘अमुक आणि तमुक’ याच क्रमाने दहा पावत्या केल्यात, तर दहांची बेरीज करून ५ लाखच.

बँकेवर असे निर्बंध आले तर ठेव विमा कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीप्रमाणे विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळायला हवी. पण हे सगळं बँकेबद्दल आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. पाटीवर ‘नागरी सहकारी पतसंस्था’ लिहिलेलं असतं, आत पासबुक मिळतं, संध्याकाळी पिग्मीवाला दारात येतो, त्यामुळे ती बँकच वाटते. व्याज एक-दीड टक्का जास्त मिळतं म्हणून आई-वडिलांची सगळी पुंजी तिथे जॉइंट नावाने ठेवणाऱ्यांनी निदान हे माहीत असून ठेवावं.

क्रम बदलताना कराचं भान ठेवा. टीडीएस कापला जातो तो पहिल्या नावाच्या पॅनवर, आणि व्याजही त्याच्याच खाती आयकर विभागाला दिसतं. १ एप्रिल २०२५ पासून एका वर्षात एका बँकेतून ५० हजारांपेक्षा, ज्येष्ठांना १ लाखापेक्षा, जास्त व्याज झालं की कपात होते. पण कर लागतो तो ज्याचा पैसा त्याला. नवऱ्याच्या पगारातून केलेल्या एफडीवर गृहिणी असलेल्या बायकोचं नाव पहिलं लिहिलं म्हणून व्याज करमुक्त होत नाही. ते नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवलं जातं. सल्ला देणारे शेजारी ही दुसरी बाजू सांगत नाहीत.

ओटीपी कोणाच्या फोनवर येतो

कागदावर खातं दोघांचं असतं, पण व्यवहारात ते ज्याच्या फोनवर ओटीपी येतो त्याचं असतं. ‘ई ऑर एस’ची सगळी बरोबरी इथे संपते. कित्येक घरांत बायकोचं नाव दुसरं असतं, कार्ड एकच असतं, ते नवऱ्याच्या पाकिटात असतं, आणि पैसे निघाल्याचा संदेश नवऱ्यालाच येतो. तिला शिल्लक किती ते विचारावं लागतं. मग नवरा गेल्यावर फोनचं लॉक उघडत नाही, नंबर बंद होतो आणि काही महिन्यांनी तो नंबर कंपनी तिसऱ्याच माणसाला देते.

खातं उघडतानाच सांगा की दोघांचा वेगवेगळा ग्राहक क्रमांक हवा आणि प्रत्येकाच्या क्रमांकाला त्याचा स्वतःचा मोबाइल जोडलेला हवा. दोघांना दोन कार्डं, दोघांना नेट बँकिंग. शक्य असेल तर दोघांनाही एसएमएस. एकमेकांचं कार्ड वापरणं घराघरांत चालतं, पण ते नियमात बसत नाही; काही फसवणूक झाली तर ‘पिन तुम्हीच दिला होता’ म्हणून बँक हात वर करते. आणि माणूस गेल्यावर त्याचं कार्ड घेऊन एटीएमकडे धावू नका. रक्कम तुमचीच असली तरी पुढे दुसऱ्या वारसाने बोट दाखवलं तर उत्तर देताना अवघड जातं.

पेन्शनच्या खात्यात तर हे मुळीच करू नये. पेन्शनचं खातं पती किंवा पत्नीबरोबर जॉइंट ठेवता येतं, आणि पुढे कुटुंब निवृत्तिवेतन त्याच खात्यात सुरू होऊ शकतं. ती मोठी सोय आहे. पण पेन्शनर गेल्याचं बँकेला न कळवता जमा होत राहिलेली पेन्शन नंतर वसूल होते, आणि वसुलीच्या वेळी हातात पैसे नसतात.

दोघांनी मिळून चालवायचं तर

दोघं कमावते असतील तर सगळा पगार एकाच खात्यात ओतू नये, असं माझं मत आहे. दोघांची आपापली पगाराची खाती राहू द्या आणि घरखर्चाचं एक जॉइंट खातं उघडा. वाणसामान, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, गृहकर्जाचा हप्ता हे सगळं तिथून जाईल. वाटा निम्मा-निम्मा असावा असं नाही. एकाला ६० हजार, दुसऱ्याला ४० हजार आणि खर्च ५० हजार असेल, तर ३० आणि २० हजार. पगार झाल्याच्या दुसऱ्या दिवशी आपोआप वळते होतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. मग दर महिन्याला ‘तू टाकलेस का?’ हा प्रश्न उरत नाही, आणि हप्ताही परत जात नाही. त्याशिवाय एक आकडा ठरवा, समजा पाच हजार. त्यापुढचा खर्च या खात्यातून करायचा तर आधी बोलायचं.

बायको नोकरी करत नसेल तर जॉइंट खात्याबरोबर तिचं एकटीचं खातंही हवंच. आपल्या आज्या डाळीच्या डब्यात पैसे ठेवायच्या ते काही नवऱ्यावर अविश्वास म्हणून नव्हे. दर महिन्याला ठरलेली रक्कम तिच्या खात्यात जाऊ द्या, आणि तिचा हिशेब मागू नका.

एकाचा धंदा असेल तर घरखर्चाचं खातं धंद्यापासून लांब ठेवा. त्या खात्याचे चेक व्यापाऱ्यांना देऊ नका. चेक परत गेला तर गुन्हा सही करणाऱ्यावर होतो, नुसत्या जॉइंट खातेदारावर नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१३ चा निकाल आहे. तेवढा दिलासा आहे. पण एकाची करवसुली निघाली तर आयकर विभाग जॉइंट खात्याला हात घालू शकतो, आणि उलट पुरावा दिला नाही तर दोघांचा हिस्सा सारखाच धरला जातो. एखाद्या अनोळखी माणसाकडून यूपीआयवर आलेल्या रकमेमुळे सायबर पोलिसांनी खातं गोठवलं तर तेव्हाही दोघांचंच गोठतं, आणि त्याच दिवशी शाळेची फी भरायची असते.

मुलगा न्यू जर्सीत आणि आई-वडील कोथरूडमध्ये, हे आता घरोघरचं चित्र आहे. परदेशी नोकरीला गेल्यावर मुलाचं इथलं साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांचं खातं, करून घ्यावं लागतं. अनेक जण वर्षानुवर्षं तसंच चालवतात, ते नियमाबाहेर आहे. आई-वडिलांच्या इथल्या खात्यावर त्याचं नाव जवळचा नातेवाईक म्हणून ‘ई ऑर एस’ पद्धतीने राहू शकतं, पण त्याने ते चालवायचं ते त्यांच्या वतीने आणि इथल्या खर्चापुरतं. उलट त्याच्या एनआरई, म्हणजे परदेशातली कमाई ठेवण्याच्या, खात्यावर आई-वडिलांचं नाव घालायचं असेल तर ते ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’नेच.

एक जण गेल्यावर

मृत्यूच्या दाखल्याची प्रत, स्वतःचं ओळखपत्र आणि नाव कमी करण्याचा अर्ज. ‘सर्व्हायव्हर’ असलेल्या किंवा नॉमिनी असलेल्या खात्यासाठी बँकेने एवढ्यावर काम करायला हवं. वारस दाखला, हमीपत्र, जामीनदार असं काही मागायचं नाही. २०२५ च्या सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने याबाबतचे निर्देश एकत्र करून काढले. सर्व कागद दिल्यापासून पंधरा दिवसांत दावा निकाली काढायचा आहे. तरीही ‘तलाठ्याकडून वारस नोंद आणा’ असं सांगणारे भेटतात. ती नोंद सातबाऱ्यासाठी असते, बँकेसाठी नव्हे. अशा वेळी वाद घालू नका. ‘तुम्हाला कोणते कागद हवेत आणि कोणत्या नियमाने, ते लिहून द्या,’ एवढंच शांतपणे म्हणा. बहुतेक वेळा लिहून देण्याऐवजी काम होतं. नाहीच झालं तर बँकेकडे लेखी तक्रार करा, आणि तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. तिथे वकील लागत नाही, पैसे पडत नाहीत.

खात्यावर ‘सर्व्हायव्हर’ही नाही आणि नॉमिनीही नाही, अशी वेळ आली तरी १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, सोप्या पद्धतीने पैसे द्यायचे आहेत. त्यापुढच्या रकमेला मात्र न्यायालयात जावं लागू शकतं. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला आजही १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो, आणि त्याला लागणारा वेळ बघता त्या इंग्रजी राजवटीची आठवण यावी.

नाव कमी झाल्यावर नवं पासबुक घ्या आणि खात्यातून आपोआप जाणारे हप्ते कोणाच्या सहीने सुरू झाले होते ते विचारा. गेलेल्या माणसाच्या सूचनेवरचे हप्ते थांबू शकतात, त्यात विम्याचा हप्ताही असेल. जुनं नामांकन चालू राहतं, पण ते बदलण्याचा अधिकार आता उरलेल्या एकट्या खातेदाराला आहे. तो फॉर्म त्याच फेरीत मागून घ्या, म्हणजे पुन्हा खेटा पडणार नाही.